नागपूरहून अंदमानला पहिल्यांदाच निघालात? मग हा क्रम पाळा

आपल्याकडे अंदमानचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पॅकेज केवढ्याचं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. महिना, विमान, बोटी आणि भरती-ओहोटी या चार गोष्टी आधी जुळल्या पाहिजेत. त्या जुळल्या नाहीत तर कितीही महागडं पॅकेज घेतलं तरी अर्धी सहल जेटीवर बसून जाते. घरच्यांना घेऊन जाऊन आल्यावर आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे बेत आखून दिल्यावर जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

एक खुलासा आधीच करतो. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक, नील आणि रॉस या बेटांची नावं २०१८ मध्येच अनुक्रमे स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप अशी झाली आहेत. तिकिटावर नवं नाव, हॉटेलच्या पावतीवर जुनं नाव असा प्रकार होऊ शकतो, तेव्हा गोंधळू नका. बोलताना लोक अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच वापरतो.

१. आधी महिना ठरवा

ऑक्टोबर ते मे हा मोसम. त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र बराच शांत आणि पाणी नितळ असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गर्दी भरपूर, आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठलं तर बोटी रद्द होतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हे गृहीत धरून चला.

नागपूरकरांची खरी अडचण मे महिन्याची आहे. मुलांच्या परीक्षा संपतात, इथे पारा पंचेचाळीसकडे निघालेला असतो आणि सगळ्यांना समुद्र आठवतो. पण नैऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानातच पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यामुळे उन्हाळ्यातच जायचं असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा गाठा.

आणि तिथे आपल्यासारखं ऊन नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. आकडा तिशीतच असतो, पण हवा इतकी दमट की आपला खसाचा कूलर तिथे काही कामाचा नाही. खोली एसीची घ्या.

२. विमान: एकाच पीएनआरवर

नागपूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबाद इथे बदलावं लागतं. इथे बरेच जण फसतात ते स्वस्ताईपायी. नागपूर ते चेन्नई एका कंपनीचं आणि पुढचं दुसरीचं, अशी दोन सुटी तिकिटं काढली की हजार-दोन हजार वाचतात. पण पहिलं विमान उशिरा निघालं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुमची काहीच लागत नाही. तिकीट नवं, भाडं त्या दिवसाचं. म्हणून सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या, नाहीतर मध्ये एक मुक्काम ठेवा.

मुक्काम ठेवायचाच असेल तर रेल्वेचा पर्याय उत्तम आहे. ग्रँड ट्रंक आणि तामिळनाडू एक्स्प्रेस नागपूरवरून चेन्नईला जातात. चेन्नई सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो आहे. पोर्ट ब्लेअरची बरीचशी विमानं सकाळची असल्याने रात्री चेन्नईत झोपून पहाटे निघणं सोयीचं. कोलकात्याकडून जायचं तर गीतांजली किंवा हावडा मेल आहेच.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात. त्यांना तीन-चार दिवस लागतात आणि वेळापत्रक पुढेमागे होतं. पहिल्या खेपेला त्या फंदात पडू नका.

३. बरोबर काय घ्यायचं

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलला जायला परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र पावलोपावली दाखवावं लागतं.

- प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, लहान मुलांचंही
- त्याच्या दोन-तीन छायाप्रती (बाराटांग बेटावर जायचं असेल तर लागतातच)
- स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर मूळ वाहन परवाना
- विमान, बोट आणि हॉटेलच्या बुकिंगचे कागद छापून; फोनमध्ये आहेत म्हणून विसंबू नका
- रोख रक्कम
- पकड असलेल्या रबरी चपला किंवा पाण्यात घालायचे बूट
- टोपी, सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट
- डॉक्टरांना विचारून बोट लागू नये म्हणून गोळ्या
- धातूची पाण्याची बाटली

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं आहे. पण हॅवलॉक-नीलवर कुठे रेंज मिळेल, कुठे नाही. यूपीआय चालत नाही म्हणून शहाळंवाल्यासमोर ओशाळं होऊन उभं राहण्यापेक्षा खिशात सुटे पैसे असलेले बरे.

चिवडा-शेव जरूर घ्या, पण डब्यात भरून. काही बेटांवर प्लास्टिकची पिशवी आत नेऊ देत नाहीत.

४. आधी बोट, मग हॉटेल

पूर्ण बेत या एका नियमावर उभा आहे. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील हा त्रिकोण बोटीनेच फिरायचा असतो. मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी बोटी आहेत, शिवाय सरकारी फेरी आहे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारीने अडीचच्या आसपास. सरकारी फेरी स्वस्त पडते, पण ती बेटांवर राहणाऱ्यांची एसटी आहे. तिकिटांत त्यांना प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे. मोसमात तिच्या भरवशावर बेत आखू नका.

विमान पक्कं झालं की लगेच बोटींच्या वेळा बघा, तिकिटं काढा आणि त्यानंतरच कुठल्या बेटावर किती रात्री ते ठरवा. लोक उलट करतात: आधी आवडलेलं रिसॉर्ट घेतात आणि मग त्या दिवशीची बोट भरलेली निघते.

सहा रात्री असतील तर माझी मांडणी अशी: पहिल्या दोन पोर्ट ब्लेअरला, मग दोन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका. सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान असा कार्यक्रम कागदावर छान दिसतो. समुद्र खवळला की बोट रद्द, आणि विमान काही थांबत नाही.

सीताबर्डी-धरमपेठेतल्या एजंटकडून पॅकेज घेणार असाल तर एवढंच विचारा: बोट कुठली आणि किती वाजताची, बोट रद्द झाली तर पैसे कोणाचे, शेवटची रात्र कुठे, आणि रॉस बेटावर नेमका किती वेळ. चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण चाचरतात.

५. घड्याळ आपलंच, सूर्य वेगळा

अंदमान आपल्यापेक्षा साडेतेरा रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तिथे सगळं जवळपास तासभर आधी घडतं. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त, आणि मे महिन्यात पहाटे पाचच्या आधीच उजाडलेलं. नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला फुटाळा तलावावर फिरायला निघतो, त्या वेळी तिथे काळोख असतो.

त्यामुळे नऊला निवांत नाश्ता करून निघालात तर दिवसाचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. सहाला बाहेर पडा, दुपारी झोपा, साडेतीनला पुन्हा निघा. सूर्यास्त बघायचा असेल तर चारपर्यंत किनाऱ्यावर पोहोचायचं.

६. सेल्युलर जेल: दोनदा जा

सकाळी एकदा आत फिरायला आणि संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला. कार्यक्रमाची तिकिटं मोसमात लवकर संपतात, म्हणून आधी काढून ठेवा. जेल आणि शहरातली संग्रहालयं यांचा साप्ताहिक सुट्टीचा वार बघून घ्या. सोमवारी बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं.

बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातलं. मधल्या मनोऱ्यापासून सात तीनमजली इमारती फुटत होत्या, आता तीनच उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. १९७९ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान असताना हे राष्ट्रीय स्मारक झालं.

आत गेल्यावर गर्दीबरोबर सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीकडे धावू नका. आधी कुठल्याही एका कोठडीच्या दारापाशी थांबा. कडी बघा. दाराचा लांबलचक अडसर भिंतीतल्या खोबणीत जातो आणि कुलूप दारापासून इतकं दूर लागतं, की आतून गजांमधून हात काढला तरी तिथवर पोहोचत नाही. मग आत जाऊन झरोका बघा. तो डोक्याच्या बराच वर आहे. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे केलेलं असल्याने समोरचा कैदी दिसण्याची सोयच नाही. या तुरुंगाची सगळी क्रूर हुशारी या दोन गोष्टींत आहे, आणि बहुतेक जण फोटो काढत त्यांच्यासमोरून निघून जातात.

अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेतलं जाई. मुलांना तो दाखवताना आकडा नुसता सांगू नका, साडेतेरा किलो म्हणजे किती ते डब्यांत सांगा. पलीकडे फाशीघर आहे.

सावरकर १९११ च्या जुलैमध्ये इथे आले आणि १९२१ मध्ये त्यांना इथून हलवलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, तरी बराच काळ दोघांची भेट नव्हती. मराठी माणूस इथे येतो तो मुख्यतः या ओढीने, आणि ते स्वाभाविक आहे. पण भिंतींवरच्या नावांच्या पाट्या वाचा. बंगाल आणि पंजाबची नावं संपता संपत नाहीत. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांचा जबरदस्तीने अन्न घालताना अंत झाला. यांची नावं आपल्या शाळेत कोणी फारशी सांगितली नव्हती. अधिकृत गाइड घेतला तर हा भाग नीट कळतो. दोन-तीन कुटुंबं मिळून घ्या, पैसे वाटले जातात.

७. रॉस बेट स्वतंत्र ठेवा

अॅबर्डीन जेटीवरून बोटीने काही मिनिटांत रॉस. इंग्रजांची राजधानी इथे होती. १९४१ च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली आणि १९४२ मध्ये जपानी आले. आज चर्च, बेकरी, अधिकाऱ्यांचे बंगले यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत, आणि मधून हरणं फिरतात. जपान्यांचे बंकरही आहेत.

पॅकेजवाले रॉस, नॉर्थ बे आणि कधी वायपर बेट एकाच दिवसात कोंबतात. नॉर्थ बेवर पाण्यातल्या खेळांत वेळ जातो आणि रॉसला तासभरही उरत नाही. तुम्हाला खेळांत रस नसेल तर फक्त रॉसची बोट घ्या आणि सकाळची पहिली धरा. बुधवारी ते बंद असतं.

जुनी लाल वीसची नोट घरात असेल तर बरोबर घ्या. तिच्या मागचं नारळाची झाडं, समुद्र आणि दीपस्तंभाचं चित्र म्हणजे माउंट हॅरिएटच्या वाटेवरून दिसणारं नॉर्थ बे. मुलांना नोट धरून जागा शोधायला लावा, फार मजा येते.

वेळ उरला तर १८८३ ची चॅथम लाकूड गिरणी बघा. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला, त्याचं स्मारकही शहरातच समुद्रकाठी आहे. कॉर्बिन्स कोव्ह हा शहराचा किनारा ठीकठाक आहे. पुढे हॅवलॉक बघणार असाल तर तिथे अर्धा दिवस घालवू नका.

८. हॅवलॉक

इथले किनारे आकड्यांनी ओळखतात. रिक्षावाला "सात नंबर" म्हणाला तर तो राधानगर. जेटीपासून सुमारे बारा किलोमीटर. पांढरी वाळू, मागे उंच झाडी, पश्चिमेकडे तोंड. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं. संध्याकाळी सगळं बेट इथे लोटतं, म्हणून पोहायचं असेल तर सकाळी या आणि सूर्यास्ताला पुन्हा या. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतं.

काला पत्थर पूर्वेला, तो सूर्योदयासाठी. एलिफंट बीचला जेटीवरून बोटीने जातात. प्रवाळ बघायला उथळ पाण्यातलं स्नॉर्कलिंग (तोंड पाण्यात, श्वास नळीने) इथे पोहता न येणाऱ्यालाही जमतं. गाइड रिंग धरून ओढत नेतो.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल पाण्यात उतरणं, करायचं असेल तर दोन गोष्टी. वैद्यकीय फॉर्म खरा भरा; दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं लपवू नका. आणि डायव्हिंगनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या दिवशीच उरकलेलं चांगलं.

९. नील आणि भरती-ओहोटी

नील लहान, शांत, शेतीवाडीचं बेट आहे. लोक पोर्ट ब्लेअरहून येऊन त्याच दिवशी परत जातात आणि "नीलमध्ये काही नाही" असं सांगत फिरतात. एक रात्र राहा.

इथे पंचांग कामाला येतं. लक्ष्मणपूर दोन नंबरला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत ओहोटीलाच जाता येतं. भरतपूरला काचेच्या तळाची बोट भरतीला बरी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि कमानीकडची खडकांची डबकी छान उघडी पडतात. अष्टमीच्या सुमारास फरक कमी. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री "उद्या पाणी कधी उतरतं?" विचारलं की तो नेमकी वेळ सांगतो.

खडक धारदार आणि शेवाळलेले असतात. रबरी चपला तिथे घाला. डबक्यातल्या जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका आणि समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) हातात घेऊन फोटो काढू नका, गाइडने उचलून दिली तरी.

१०. बाराटांग: पहिल्या खेपेला सोडा

चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून जाणारी बोट सुंदर आहे, यात वाद नाही. पण पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगला पोलिसांच्या ताफ्यात गाडी लावायची, जंगलातून जायचं, आणि संध्याकाळी परत. वयस्कर मंडळींचे हाल होतात.

दुसरं कारण माझ्या लेखी मोठं आहे. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो बंद करायला सांगितलं होतं, तरी वाहतूक चालू राहिली. काही एजंट दबक्या आवाजात "जारवा दिसतील" असं सांगून हा दिवस विकतात. असं सांगणाऱ्याकडून काहीच विकत घेऊ नका. जाणारच असाल तर गाडी थांबवायची नाही, काच खाली नाही, फोटो नाही, खायला देणं नाही. हा गुन्हा आहे आणि कारवाई होते.

त्याऐवजी वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉयला जा. ते पावसाळ्यात बंद असतं, तेव्हा रेड स्किन बेट उघडं असतं. परवाना आधी काढावा लागतो. प्लास्टिकची झडती घेतात. धातूची बाटली आणि चिवड्याचा डबा इथेच कामाला येतात.

११. पाण्यात उतरण्याआधी

अंबाझरीच्या किंवा क्लबच्या तलावात पोहता येतं म्हणजे समुद्रात येतं असं नाही. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. जीवरक्षक असलेल्या पट्ट्यातच उतरा.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खारफुटी, खाडीचं तोंड आणि गढूळ पाणी टाळा, अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालू नका. काही किनाऱ्यांवर जाळी लावलेली असते, तिच्या आतच राहा. सूचनाफलक शोभेचे नाहीत.

१२. परतताना बॅग रिकामी करून भरा

किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत. अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. लहान मुलांचे खिसे आणि बॅगेचे बाजूचे कप्पे आदल्या रात्रीच झटका. हमखास काहीतरी निघतं. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर तिची पावती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.